यशबाच्या मुठीचा नवरा

एका राज्यात, जिथल्या मोरांना दरबारात बसायला जागा होती आणि मत मांडायला मनाई नव्हती, शूरपाळ नावाचा राजा राज्य करत होता. राज्याचं नाव विचारू नका. मला ठाऊक होतं, विसरलो. वय झालं की आधी नावं जातात, माणसं मागून जातात. आणि ही गोष्टही एका हरवलेल्या नावाचीच आहे, तेव्हा चालायचंच.

शूरपाळ राजा वाईट नव्हता हो. रयतेवर त्यानं कधी हात उगारला नाही, कुणाचं शेत हिसकावलं नाही, जेवायला बसला की पहिला घास मोरांना टाकी. पण खोड एक होती, आणि ती अशी की बाकी सगळ्या गुणांवर पाणी फिरवील. कुठलंही काम पुढ्यात आलं की म्हणे, "उद्या." तळ्याचा बांध खचला? उद्या बघू. वेशीचा दरवाजा कुरकुरतो? उद्या तेल घालू. लोक पाठीमागं त्याला उद्याराजे म्हणत. मोर तोंडावर म्हणत.

या घराण्यात एक जुना खंजीर होता. पातं वीतभर, लखलखीत. पण पात्याकडं कुणी बघतच नसे, बघत ते मुठीकडं. मूठ यशबाची. यशब म्हणजे हिरवट दगड, कोवळ्या काकडीच्या सालीच्या रंगाचा, हाताला गुळगुळीत आणि वैशाखातसुद्धा थंडगार. त्या दगडात पोपटाचं डोकं कोरलेलं होतं. वाकडी चोच, मानेवर पिसांच्या बारीक रेघा, डोळ्यांच्या जागी दोन माणकं. तीन पिढ्यांचे हात लागून लागून मुठीला बोटांचे खळगे पडले होते. नवा हात लागला की जुन्या हातांशी गाठ पडायची.

तो खंजीर घडवला होता भृंगनाथ नावाच्या मांत्रिकानं. राजाच्या पणजोबांना तो देताना भृंगनाथ म्हणाला होता, "राजा, ही मूठ ऐकते. हिच्यावर हात ठेवून दिलेला शब्द ही सांभाळते. शब्द पुरा कर. नाही केलास, तर ज्या हातानं शब्द दिलास त्या हातापासून तू असाच दगड होशील."

पणजोबांनी शब्द पाळले, आजोबांनी पाळले, वडिलांनी पाळले. ती माणसंच तशी होती. बोलत कमी, आणि बोलली की बांधली जात. आता असं कुठं राहिलंय म्हणा.

तर शूरपाळाचं लग्न ठरलं. मुलगी डोंगरातल्या एका लहानशा गडाचे धनी रायाजी यांची. मुहूर्त निघाला, मंडप पडला, मुहूर्तमेढ रोवली. आणि निघायच्या दिवशी सकाळी राजाचा नवा ससाणा पहिल्यांदा त्याच्या मनगटावर येऊन बसला.

राजा हरखला. प्रधानाला म्हणाला, "आज याला सोडून गेलो तर हा पुन्हा रानटी व्हायचा. लग्नाला खंजीर पाठवा."

प्रधान म्हणाला, "महाराज, ही रीत लढाईवर असलेल्या राजासाठी आहे."

"रीत आहे ना? मग झालं."

रीत होती खरी. त्या राज्यात राजा रणात अडकला तर त्याचं हत्यार पाटावर उभं करून लग्न लावत. मग नवरी हत्यार घेऊन सासरी येई, आणि उंबरठ्यावर राजा स्वतः ते तिच्या हातून परत घेई. तोवर तिचा नवरा ते हत्यारच. राजानं यशबाच्या मुठीवर उजवा हात ठेवला आणि म्हणाला, "माझ्या बदली तू उभा राहा. नवरी उंबरठ्याशी आली की मी तुला तिच्या हातून घेईन आणि सगळ्यांदेखत तिचं नाव घेईन." एवढं बोलला नि ससाण्याला मांसाचा तुकडा भरवायला निघून गेला.

इकडं गडावर अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला. नवरी बघते तर काय, समोर पाटावर लाल कापडात खंजीर उभा, नि त्याच्या पोपटाला मुंडावळ्या बांधलेल्या! मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. आईनं डोळ्यांना पदर लावला. नवरीनं मात्र नीट बघितलं. पोपटानं एक माणकाचा डोळा मिटला आणि उघडला. तिनं हार घातला.

मग आली नाव ठेवायची वेळ. आपल्याकडं नवरा तांदळाच्या ताटात बोटानं नवरीचं नवं नाव लिहितो, आणि माहेरचं नाव उतरतं. खंजीर कसा लिहिणार? भटजी घोटाळले. शेवटी म्हणाले, "जुनं नाव आज उतरलं. नवं महाराज देतील." त्या एका वाक्यानं सगळा घात केला. जुनं काढून ठेवलं, नवं आलंच नाही, आणि पोर बिननावाची होऊन बसली.

वरात निघाली. राज्याच्या शिवेवर मोठा वड होता. तिथं तिनं मागं वळून बघितलं, खंजीर घट्ट धरला, तेवढ्यात हिरवी बांगडी दगडी मुठीवर आपटली आणि वाढली, तुकडा वडाखाली पडला. बायका म्हणाल्या, बोलू नका गं, काही बोलू नका. पुढं नदीच्या उतारावर तिनं कमरेशी खोचलेलं भातुकलीतलं बोळकं काढलं, ओठांना लावलं आणि पाण्यात सोडलं. तिसरी एक वस्तू तिनं निघायच्या आधीच कुणाच्या तरी हवाली केली होती. ती कोणती, ते पुढं येईल.

राजवाड्याच्या उंबरठ्यावर माप ठेवलेलं, वाजंत्री उभी. राजा आला तो घामाघूम, मनगटावर ससाणा. "आत या, आत या," म्हणाला, "ऊन फार झालंय. ती रीत उद्या करू."

त्या उद्याला किती वर्षं झाली ते मी मोजलं नाही. तुम्हीही मोजू नका.

राजवाड्यात तिला सगळे राणीसरकार म्हणत. राजा "अहो" म्हणे, तेही कधी सणासुदीला समोर आली तर. नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. आणि वापरात नसलेली वस्तू घरात टिकत नाही, तसं ते नाव हळूहळू लोकांच्या तोंडून गेलं. मैत्रिणी विसरल्या, गडावरचे चाकर विसरले, शेवटी ती स्वतः विसरली.

तिला सोबत एकच, खंजिराची. नवराच तो तिचा. संध्याकाळी दिवा लावला की ती म्यानावरून हात फिरवी आणि म्हणे, "ऐकता का?"

यशबाचा पोपट म्हणे, "ऐकतोय."

एवढा एकच शब्द तो वेळेवर बोले, बाकी ऐकून घेई. ती सांगे गडावरच्या जांभळाच्या झाडाबद्दल, मीठ लावून खाल्लेल्या जांभळांबद्दल. पायऱ्यांच्या विहिरीबद्दल, जिच्यात उतरायची तिला भीती वाटे आणि आई खालच्या पायरीवर उभी राहून "मी आहे ना" म्हणे. रोज दिवेलागणीला आई गडाच्या दरवाज्यात उभी राहून तिला हाक मारी. "इतक्या लांबून यायची ती हाक," राणी म्हणे, "मधे दोन शेतं, एक ओढा. तरी मला ऐकू यायची." पोपट ऐके. गार दगड तिच्या तळहातात हळूहळू कोमट होई. सुख म्हणायचं का याला? तिनं म्हटलं.

मग एका दिवशी गडावरून निरोप आला. आई आजारी आहे, लेकीला पाठवा.

लग्न झाल्यापासून राणीनं राजाकडं कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी ती स्वतः दरबाराच्या दाराशी आली. "महाराज, मला माहेरी जायचं आहे. आई बोलावते आहे."

राजा सोंगट्या खेळत होता. मान वर करून अगदी गोडव्यानं म्हणाला, "जा की. उद्या सकाळी पालखी देतो."

सकाळी पालखी निघायच्या आत दुसरा निरोप आला. आई गेली.

राणी रडली नाही, ओरडली नाही. पालखीच्या दांडीवरचा हात काढला आणि आत गेली. मोरसुद्धा त्या दिवशी गप्प राहिले. आणि राजानं पाण्याचा पेला उचलायला हात पुढं केला तर अंगठा वळेना. बघतो तर अंगठा हिरवा, गुळगुळीत आणि थंडगार झालेला.

वैद्य आले, लेप झाले. दगडाला कसला लेप नि कसला काढा! तिसऱ्या प्रहरी चार बोटं गेली. राजा घाबरला आणि जन्मात पहिल्यांदा "आत्ता" म्हणाला. "आत्ता घोडा आणा. मी भृंगनाथाकडं जातो."

भृंगनाथ धबधब्यामागच्या कपारीत राहत होता. मांत्रिकांना मरण लवकर येत नाही, म्हणून ते चिडके होतात. तो फुटाणे भाजत होता.

"आलास?" तो म्हणाला. "तुझा बाप बोलवायच्या आधी यायचा."

"माझा हात वाचवा."

"मी घेतलेला नाही, तर वाचवू कुठून? तू शब्द दिलास, मुठीनं तो सांभाळला. राणीची आई होती तोवर ती रोज दिवेलागणीला लेकीला नावानं हाक मारत होती. त्या हाकेवर तुझा शब्द जिवंत होता, आज नाही तर उद्या पुरा होईल म्हणून. काल ती हाकही बंद झाली."

राजानं हिरवा हात पुढं केला.

"उपाय सांगतो," भृंगनाथ म्हणाला, "पण फुटाणे करपायच्या आत ऐक. ज्या वाटेनं ती नवरी होऊन आली, त्या वाटेनं उलटा चालत जा. घोडा नको, चाकर नको, बदली कुणी नको. तेव्हा तिच्या तीन वस्तू हातून सुटल्या. त्या आण, उंबरठ्यावर उभा राहा आणि राहिलेली रीत पुरी कर. दगडानं अख्खा गळा घ्यायच्या आत. गळा गेला की शब्द गेला आणि शब्द गेला की तू गेलास."

बरोबर आलेला प्रधान म्हणाला, "महाराज, मी जातो ना, तुम्ही..." राजानं त्याच्याकडं असं बघितलं की प्रधान वाक्य गिळून बसला.

राजा पायी निघाला. पहिल्याच दिवशी टाचा फुटल्या. नदीच्या उतारावर एक बुढी सुसर ऊन खात पडली होती, आणि तिच्या पुढच्या पंजांत एक मातीचं बोळकं होतं.

"मावशी, ते बोळकं राणीचं आहे. मला द्या," राजा म्हणाला.

"उद्या ये," सुसर म्हणाली.

राजा गेला आणि सकाळी आला. "उद्या ये," ती पुन्हा म्हणाली. 'उद्या' ऐकून परत फिरणं काय असतं ते त्याला तेव्हा कळलं. तिसऱ्या खेपेला तो गेलाच नाही. वाळूत बसून राहिला.

"बसलास?" सुसर म्हणाली. "मग माझी पाठ घास. शेवाळ चढलंय, खाज सुटलीय. कोणी मेलं जवळ येत नाही."

ज्या राजाचे पाय दुसऱ्यांनी धुतले, तो सुसरीची पाठ घासायला बसला. डाव्या हातानं जमेना. मग त्यानं दगडी हात वापरला. घासायला अगदी उत्तम! सुसरीनं डोळे मिटले. "नवरी इथं उतरली तेव्हा हसली नाही, रडली नाही," ती म्हणाली. "नुसती म्हणाली, आता कुणासाठी स्वयंपाक मांडू? घे तुझं बोळकं." दगड तोवर कोपरापर्यंत आला होता.

शिवेवरच्या वडात धनेशाच्या मादीची ढोली होती. ही पाखरं कशी, ठाऊक आहे ना? मादी ढोलीत अंड्यांवर बसते, दार चिखलानं लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. राजा पोचला तेव्हा नर बुंध्याशी पडला होता, पंख मोडलेला, आणि आतून मादी म्हणत होती, "धनी, आज उशीर झाला."

राजानं ते ऐकलं आणि तो जागीच थबकला. मग म्हणाला, "बाई, तुमच्याकडं हिरव्या बांगडीचा तुकडा आहे का?"

"आहे. पण आधी माझं बघा. पिलं अंड्यांतून बाहेर यायची आहेत. आमच्यात बदली कोणी पाठवत नाही. आज पाठवावा लागतोय."

राजा चढला. एक हात दगडाचा, एक हात माणसाचा, असा रोज वडावर चढला. उंबरं वेचली, वडाची फळं वेचली, एकेक करून फटीतून आत दिली. नराला पाणी पाजलं, पंखाला काटकी बांधली. दगड खांद्यापर्यंत आला, तरी त्यानं फेरी चुकवली नाही. कारण प्रत्येक वेळी चोच बाहेर यायची तेव्हा ती वाट बघत असलेली चोच असायची, आणि आपल्या घरात अशीच कुणी वाट बघितली हे त्याच्या मनातून जाईना. एके सकाळी ढोलीत चिवचिव झाली. मादीनं दार फोडलं आणि चोचीतून काचेचा हिरवा तुकडा त्याच्या ओंजळीत टाकला.

"नवरीनं इथून मागं वळून बघितलं होतं," ती म्हणाली. "कुणी थांबवतंय का, म्हणून."

गडावर पोचला तेव्हा राजाची अर्धी मान हिरवी झाली होती. अंगणात रायाजी बसले होते, थकलेले. त्यांनी जावयाला ओळखलं. कधी बघितलेलं नसताना ओळखलं.

"या जावईबापू," ते म्हणाले. "वाट बघत होतो. जरा उशीर झाला."

असं बोलल्यावर माणसानं काय करावं? राजा खाली बसला. समोर लग्नाचा मांडव अजून उभा होता. कापड कधीच विरलं होतं, पण खांब होते, आणि मुहूर्तमेढीच्या उंबराला पालवी फुटून त्याचं झाड झालं होतं.

"मांडव काढला नाही?"

"कसा काढणार? लग्न पुरं कुठं झालंय? हिची आई रोज पाणी घालायची मेढीला. म्हणायची, जावई येतील, उरलेलं लागेल." म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "तीच हाक मारायची पोरीला. काय बरं नाव... तोंडावर आहे. माझ्या पोरीचं नाव, आणि मला आठवत नाही हो!"

तेव्हा राजाला कळलं, तिसरी वस्तू कोणती ती. इतकी वर्षं ती बाई त्याच्या घरात होती आणि तिचं नाव काय, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

उंबराच्या फांदीवर एक साळुंकी बसली होती. राणीनं लहानपणी पाळलेली. रायाजी म्हणाले, पोर सासरी गेल्यापासून ही बोललेली नाही. राजा झाडाखाली जाऊन उभा राहिला. "साळुंके, तिचं नाव सांग."

साळुंकीनं मान तिरकी केली आणि बोलली. "तिला खायला काय आवडतं?"

"माहीत नाही."

"तिला भीती कशाची वाटते?"

"माहीत नाही."

"हसताना ती काय करते?"

राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं, अर्ध्या दगडी गळ्यावरून ओघळलं. "मी तिला हसताना बघितलेलंच नाही," तो म्हणाला. "माझ्यापाशी सगळ्याला वेळ होता. ससाण्याला होता, सोंगट्यांना होता. तिची आई गेली तेव्हा मी डाव संपायची वाट बघत होतो. मी तिचा नवरा नाही. नवरा तो खंजीर आहे."

"खरं बोललास," साळुंकी म्हणाली, "म्हणून मीही खरं सांगते. नाव माझ्यापाशी नाही. जायच्या आधी याच झाडाशी, मेढ तेव्हा हातभर होती, तिनं ते खंजिराच्या कानात सांगितलं. म्हणाली, ज्याला हवं असेल तो मागायला येईल, तोवर तुझ्यापाशी ठेव."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! नाव राजाच्याच घरात, त्याच्याच खंजिरात, एका भिंतीपलीकडं होतं. राजानं रायाजींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो धावत सुटला. वड मागं पडला, नदी आली. सुसरीनं पाठ पुढं केली, त्यानं तिच्यावरून नदी ओलांडली. दगड एका बाजूनं हनुवटीला भिडला.

राजवाड्याच्या उंबरठ्यावर तो बाहेरच्या बाजूला उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही. राणी खंजीर घेऊन दारात आली, जशी त्या दिवशी आली होती. राजानं बोळकं तिच्या पायाशी ठेवलं, बांगडीचा तुकडा ठेवला. तिनं ते बघितलं. बोळकं उचलून तिनं गालाला लावलं आणि तेव्हा कुठं, आईला जाऊन इतके दिवस झाल्यावर, ती हंबरडा फोडून रडली. राजा उभा राहिला. थांबा म्हणाला नाही, पुरे म्हणाला नाही.

मग घोगऱ्या आवाजात तो पोपटाला म्हणाला, "माझ्या बदली तू उभा राहिलास. आता मी उभा आहे. तिचं नाव दे."

पोपटानं माणकाचे डोळे उघडले. "नाव दिलं की मी मुका होईन. त्या नावावरच मी जागा आहे. ती म्हणेल तसं."

राणीनं तळहातातल्या मुठीकडं बघितलं. प्रधानाकडून तिला कळलं होतं, तिनं नुसतं नाही म्हटलं तर हा माणूस दगड होईल, आणि जो दगड होता तो तिचा राहील. ज्यानं तिचं सगळं ऐकलं तो पोपट एकीकडं, आणि ज्यानं काही ऐकलं नाही तो राजा एकीकडं. सोपं नव्हतं हो. कुणालाही सोपं गेलं नसतं.

"महाराज," ती म्हणाली, "ही रीत उद्या केली तर चालेल?"

"नाही." त्याचे ओठ कडेनं हिरवे होत होते. "आत्ता."

ती खंजिराकडं वळली. "तुम्ही मला एकटं पडू दिलं नाहीत. तुमचं ऋण या जन्मी फिटायचं नाही. पण मला हाक हवी आहे. आईसारखी, लांबून यायची. तुम्हाला ती मारता येत नाही."

"ऐकतोय," पोपट म्हणाला. तिनं मूठ राजाच्या कानाशी नेली, आणि पोपटानं एक शब्द उच्चारला. माणकं विझली. मूठ नुसती मूठ झाली.

राजानं खंजीर दोन्ही हातांनी घेतला, आणि उरल्यासुरल्या गळ्यानं, अख्ख्या दरबारासमोर, मोरांसमोर, नाव घेतलं:

"पोपटानं राखली वाट, मी केला उशीर,
बकुळेचं नाव घेतो, झुकवून शिर."

बकुळा! नाव ऐकताच राणीच्या तोंडून "ओ" निघून गेली, लहानपणी जायची तशी. गडावर साळुंकी ओरडली, रायाजी उठून उभे राहिले, दासी एकमेकींना म्हणाल्या, अगं बकुळा, बकुळाच की! राजाच्या गळ्यावरचा हिरवा रंग उतरला, खांदा सुटला, कोपर सुटलं, शेवटी अंगठा वळला. राजानं त्याच हातानं पालखीचं दार उघडलं आणि म्हणाला, "चल, आधी गडावर. बाबा वाट बघताहेत." आणि पालखीबरोबर तो पायी चालला.

मांडव उतरवला, मेढीचं झाड मात्र ठेवलं. तळ्याचा बांध बांधला, वेशीच्या दरवाज्याला तेल घातलं. लोकांनी उद्याराजे म्हणायचं सोडलं. मोरांनी सोडलं नाही, पण त्यांचं काय मनावर घ्यायचं.

खंजीर राणीच्या दालनात चंदनी पेटीत नाही, उशाशीच राहिला. दर साल लग्नाच्या तिथीला ती त्याला पाटावर उभा करी, मुंडावळ्या बांधी, पुढं बोळक्यात मीठ लावलेली जांभळं ठेवी. राजा शेजारी बसे. का, कशाला, असं त्यानं कधी विचारलं नाही. एकदा जांभळांनी त्याची जीभ निळीजांभळी झाली तेव्हा ती हसली, आणि हसताना तिनं तोंडावर पालथा हात धरला. राजानं ते नीट बघून ठेवलं.

पण सवय कुठं जाते? एके संध्याकाळी दिवा लावून तिनं यशबाच्या मुठीवर हात ठेवला. दगड थंड होता. "ऐकता का?" ती म्हणाली, आणि थांबली. इतकी वर्षं इथं एक शब्द येत असे. आता आला नाही. तिचे डोळे भरून आले.

दाराशी राजा उभा होता. तो आत आला, खाली जमिनीवर तिच्या समोर बसला.

"ऐकतोय," तो म्हणाला.

मग बकुळेनं त्याला विहिरीची गोष्ट सांगितली.

राजाला हात मिळाला, राणीला हाक मिळाली. तुम्हालाही कुणी लांबून हाक मारत असेल, तर ओ द्या. गोष्ट संपली, दिवा मालवू नका.